उज्ज्वलाच्या राखणीचा आठवडा

उज्ज्वलाच्या डाव्या हाताची करंगळी वाकत नाही. कॉम्प्युटरवर टाइप करायला बसली की नऊ बोटं पळतात आणि ही एक बाजूला ताठ उभी राहते. मिलच्या ऑफिसात नवीन आलेला माणूस आधी ते बोट बघतो, मग उज्ज्वला आपल्याकडे बघतेय हे त्याला कळतं आणि तो मान खाली घालतो. बोट कसं मोडलं ते तिने कोणाला सांगितलं नाही. मला माहीत होतं. मीही सांगितलं नाही.

ती माझ्या धाकट्या भावाची मुलगी. आमच्या खानदेशात आत्याला फुई म्हणतात, म्हणून मी तिची फुई. बाकी सुरतच्या पांडेसऱ्यात मला सगळे जिजी म्हणतात. माझा मुलगा रामदास आमच्या समाजाच्या मंडळाचा सेक्रेटरी आहे म्हणून मान देतात, की माझ्या जिभेला भितात, हे मी कधी विचारलं नाही. दोन्हीत फायदाच आहे.

गोष्ट नव्व्याण्णव सालची. रामदासचा मुलगा विकास तेव्हा अमेरिकेत होता. दोन हजार साल लागलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बिघडणार होते म्हणे, ते आधीच दुरुस्त करायला त्याला नेला होता. तिथे बसून त्याने इंटरनेटवर आपल्या समाजाचं एक पान काढलं. सुरतेतला असो, धुळ्याचा असो, मस्कतला गेलेला असो, कोणीही त्या पानावर निरोप लिहायचा आणि सगळ्यांनी वाचायचा. कोणाकडे बारसं, कोण वारलं, कोणाची मुलगी लग्नाची. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही, म्हणजे जवळजवळ सगळेच, त्यांच्यासाठी रामदास दर शनिवारी ते निरोप स्केचपेनने मराठीत उतरवायचा आणि चार वाजता मंडळाच्या हॉलबाहेर फळ्यावर चिकटवायचा. रविवारी सकाळी दुधाला निघालेली माणसं तासाभराने घरी पोचायची.

पानाला दार होतं, कडी नव्हती. तिसऱ्याच आठवड्यात कोणीतरी बिननावाने प्रमिलाबाईंच्या पल्लवीबद्दल दोन ओळी लिहिल्या. काय लिहिलं ते मी पुन्हा सांगत नाही. रामदासने ते फळ्यावर लावलं नाही, पण तोवर मस्कतपर्यंत वाचून झालं होतं. पल्लवीचं ठरलेलं लग्न मोडलं. प्रमिलाबाई आमच्या दाराशी आल्या आणि नुसत्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. मी पाणी दिलं, ते घेतलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या रविवारी विकासचा फोन आला.

"आजी, पानाला तीन राखणदार पाहिजेत. मॉडरेटर म्हणतात. आता आलेला निरोप आधी राखणदाराकडे थांबेल. त्याने वाचून पुढे सोडला तरच लोकांना दिसेल."

"पगार किती?"

"पगार नाही."

"मग कोण करेल बाबा फुकटची पाटीलकी?"

"तेच तर बघायचंय. पाटीलकीसाठी येणारे ओळखायचे आणि बाजूला करायचे. पप्पा सगळ्यांना हो म्हणतात. तू माणसं पारखतेस."

पारखते, हे खरं होतं. निदान तसं नाव होतं. आमच्याकडे लग्न जुळवताना मला बोलवायचे. मी मुलाचं शिक्षण विचारायची नाही. मी त्याला गावच्या पंगतीत वाढायला लावायची आणि कोपऱ्यात बसून बघायची. पहिल्या ओळीला तूप आणि शेवटच्या ओळीला नुसती बट्टी वाढणारा पोरगा मी परत पाठवायची. "सुंदराबाईने पारखलं म्हणजे पारखलं," असं लोक म्हणायचे. माझं नाव सुंदराबाई. दुसरीपर्यंत शाळा, पण हा एक दाखला माझ्यापाशी होता आणि मी तो जपून होते.

उज्ज्वलाचा नवराही मीच पारखला होता. चार वर्षांपूर्वी. तो शेवटच्या ओळीतल्या पोरांना वाकून, फुंकर घालून गरम बट्टी वाढत होता. मी भावाला म्हटलं, हाच. चौदा महिन्यांनी उज्ज्वला एक पिशवी घेऊन सुरतला माझ्या घरी आली, हाताला फडकं बांधलेलं. लोकांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "जमलं नाही." लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. तिने माझं नाव घेतलं नाही आणि मी ते तसंच राहू दिलं.

तर राखणदार. अर्ज तीन आले.

पहिला ललित, सायबर कॅफेच्या काउंटरवर बसणारा. हसतमुख, केसांना जेल. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "जिजी, व्हिजिटिंग कार्डावर मॉडरेटर छापलं तर चालेल ना?"

दुसरा निंबा. पन्नाशीचा, प्रोसेस हाउसमध्ये घडीखात्यात. रंगून आलेला कापडाचा ताका त्याच्या डोळ्यांखालून जातो. डाग, भोक, फिका पट्टा दिसला की तो ताका बाजूला. त्याच्या हाताखाली तीस वर्षं कोणाचा वशिला चालला नाही, सख्ख्या मेहुण्याचाही नाही. बायको बोलत नाही त्याच्याशी, त्याला पुष्कळ कारणं असतील, त्यातलं हे एक.

तिसरी उज्ज्वला. ती त्याच प्रोसेस हाउसच्या ऑफिसात चलनं टाइप करायची. शेठचा कॉम्प्युटर, शेठचा फोन, जेवणाच्या सुट्टीत वापरायची परवानगी त्याने दिली होती, वर म्हणायचा, "उज्ज्वलाबेन, मारा कॉम्प्युटरमां तमारी आखी न्यात घुसी गई!" न्यात म्हणजे जात.

मंडळाच्या बैठकीत निंबाने तिच्या तोंडावर सांगितलं, "मला हिच्याबद्दल काही वाईट म्हणायचं नाही. पण सासर सोडून आलेली बाई समाजाच्या तोंडावर राखण ठेवणार, हे मला पटत नाही. उद्या लग्नाच्या निरोपांवर ही कशी बघेल?"

उज्ज्वला म्हणाली, "बघा ना कशी बघते. एक आठवडा द्या."

मग तसंच ठरलं. तिघांना एकेक आठवडा. आणि आतली गोष्ट अशी, की मी आणि विकासने मिळून प्रत्येकासाठी तीन खोटे निरोप तयार केले होते. मी फोनवर सांगायची, तो तिकडून परक्या नावाने टाकायचा. एक राखणदाराची तोंडभर स्तुती करणारा. एक त्यालाच शिव्या घालणारा. आणि एक दिसायला गोड, पण आत कोणाच्या तरी लेकीसुनेला टोचणी. हे खोटे निरोप पडणार एवढं तिघांना माहीत होतं. कोणते, ते माहीत नव्हतं.

विकासने नियमही केले. नावाशिवाय काही सोडायचं नाही. जे अडवाल त्याचं कारण वहीत लिहायचं. तिसरा नियम माझा. आमच्या गावात वाढपी आपल्या घरच्या माणसांपाशी आला की बादली दुसऱ्याच्या हाती देतो. हात आपला असला की तूप आपसूक जास्त सांडतं. म्हणून आपल्या माणसाचा निरोप आला तर त्याचा निवाडा आपण करायचा नाही, आधीच्या आठवड्याच्या राखणदाराकडे द्यायचा.

ललितने स्तुतीचा निरोप सोडला, शिव्यांचा अडवला, टोचणीचा वाचलाच नाही, पुढे सोडून दिला. विकासने तो तिकडून पुसला. ललितची कार्डं मात्र छापून झाली होती. निंबाने तिन्ही अडवले, पण बाकीचेही सगळे तीन-तीन दिवस उलटून-पालटून बघितले. कोणाच्या तरी दहाव्याचा निरोप तेराव्याला फळ्यावर आला.

"निंबाभाऊ, मेलेला माणूस थांबतो, गोडजेवण थांबत नाही," मी म्हटलं.

"डाग गेला तर कोण भरून देणार, जिजी?" तो म्हणाला.

मग उज्ज्वलाचा आठवडा लागला. बुधवारपर्यंत तिने तिन्ही खोटे निरोप ओळखले. शिव्यांचा निरोप तिने नाव-पत्ता मागून परत पाठवला आणि वहीत लिहिलं, "माझ्याबद्दल आहे, म्हणून निंबाभाऊंना दाखवला." मी मनात म्हटलं, झालं, पोरगी पास.

शनिवारी दुपारी बारा वाजून गेले होते. मी तव्यावर भाकरी टाकली होती. उज्ज्वला दारात आली ती चपला न काढता आत. हातात प्रिंटरचा कागद, दोन्ही कडांना भोकं असलेला.

"फुई, हे तू टाकलंस?"

"काय?"

"हे तू विकासला सांगून टाकलंस का? माझी परीक्षा घ्यायला? खरं सांग. एवढंच एक सांग."

मी म्हटलं, वाच. तिने वाचलं. मला तिच्या आवाजातून आधी नाव ऐकू आलं, आणि भाकरी तशीच राहिली.

निरोप तिच्या नवऱ्याच्या घरून होता. "मुलगा एकतीस, निर्व्यसनी, स्वतःची शेती, पहिले लग्न करणे आहे. इच्छुकांनी रविवारी सकाळी दहा वाजता पांडेसरा येथे मंडळाच्या हॉलवर भेटावे. मुलगा आईसह हजर राहील." खाली त्याचं नाव, टेलिफोन नंबर. सगळं नियमात.

"मी नाही टाकलं ग," मी म्हटलं. "देवाशप्पथ नाही. आपले तीन बुधवारीच संपले."

ती खाली बसली. म्हणाली, "मग खरं आहे."

"फारकतीचा कागद?"

"कुठला कागद? कोर्टाचं तोंडसुद्धा बघितलं नाही आम्ही. पहिले लग्न! फुई, मी काय होते मग? भाड्याची भांडी?"

भाकरी जळायला लागली. मी तवा उतरवला. चारला फळ्यावर कागद लागणार. उद्या दहाला तो हॉलमध्ये उभा राहणार, हसत, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवत. मी त्याला तसा उभा राहिलेला बघितला होता. तेव्हा मला जे दिसलं तेच आता दुसऱ्या कोणत्यातरी बापाला दिसणार होतं.

आणि मग मी जे बोलले ते सांगायला लाज वाटते, पण बोलले.

"तू राखणदार आहेस ना? निरोप अजून तुझ्याच हातात आहे ना? दाब ती कळ आणि पुसून टाक. कोणाला कळणार?"

"कोणालाच नाही," उज्ज्वला म्हणाली. "विकासलाही दिसणार नाही."

"मग झालं तर."

"म्हणूनच नाही होत, फुई. नियम तुझा आहे. घरच्यांचं आलं की बादली दुसऱ्याच्या हाती."

"अग, नियम तुपासाठी केला होता! इथे विष वाढायचंय!"

"मग तर बादली सोडायलाच पाहिजे."

"आणि ती निंबाच्या हाती देणार? त्याने भर बैठकीत तुझी लाज काढली. त्याला तर हेच पाहिजे. म्हणेल, बघा, म्हणत होतो ना मी? पान जाईल हातचं."

"जाऊ दे." ती उठली. कागद घडी करताना ती करंगळी बाहेर ताठ राहिली होती. "पण मी पुसलं आणि उद्या कळलं, तर लोक म्हणतील सोडलेल्या बाईने डूख धरून नवऱ्याचा निरोप दाबला. मग माझं कोणीच काही ऐकणार नाही. त्याच्याबद्दलचं तर मुळीच नाही."

मी लुगड्याला हात पुसले आणि तिच्या मागे निघाले. एवढ्या उन्हात एवढी भरभर मी नंतर कधी चालले नाही. नाल्यातून त्या दिवशी जांभळं पाणी वाहत होतं. मिलच्या फाटकावरचा भैया म्हणाला, "अम्मा, किधर?" मी म्हटलं, "तुम्हारे शेठ को पूछो," आणि आत शिरले.

घडीखात्यात ट्यूबलाइटखाली लांब टेबल, त्यावरून गुलाबी कापड सरकत होतं. निंबा चष्मा दोरीने बांधून उभा. उज्ज्वलाने कागद पुढे केला.

"निंबाभाऊ, हा निरोप माझ्या नवऱ्याचा आहे. मी निवाडा करू शकत नाही. आधीचा आठवडा तुमचा होता."

निंबाने कापड थांबवलं. वाचायला त्याला फार वेळ लागला. एकदा वाचलं, मग बोट ठेवून पुन्हा. भिंतीवरच्या घड्याळात एकला दहा कमी होते.

"फारकत झाली?"

"नाही."

"मी तुझ्या विरोधात बोललो होतो."

"हो. ऐकलं मी."

"तरी माझ्याकडेच आणलंस."

"नियम तसा आहे."

तो माझ्याकडे वळला. "जिजी, मी त्या लग्नात होतो. बट्टी कच्ची होती."

"आता बट्टीचं काय घेऊन बसलास!"

"मला आठवतंय, एवढं सांगतोय. पण आठवणीवर ताका पास होत नाही." तो चष्मा पुसायला लागला. "आधी त्यांना विचारू. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय मी काही अडवणार नाही."

आम्ही ऑफिसात गेलो. शेठ आमच्याकडे बघून काही बोलणार होता, पण निंबाचा चेहरा बघून त्याने फोनच पुढे सरकवला. इंटरनेट चालू होतं म्हणून फोन अडकलेला. उज्ज्वलाने ते बंद केलं. निंबाने नंबर फिरवला. लागला नाही. पुन्हा फिरवला. तिसऱ्यांदा एंगेज. उज्ज्वला खिडकीकडे तोंड करून उभी. पाचव्यांदा लागला.

"हां, सुरतहून बोलतोय. तुमचा निरोप आलाय मंडळाच्या पानावर. मुलाचं लग्न करायचंय ना? हां. एक विचारायचं होतं. पहिलंच लग्न ना मावशी?"

तिकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. निंबाने दोनदा मान हलवली.

"याआधी कुठे काही झालेलं नाही ना? नाही ना? बरं. बरं."

त्याने रिसीव्हर हळूच ठेवला.

"पहिलंच आहे म्हणाली. पोराची आई. देवाची शपथ न विचारता घातली."

"मग अडवलास ना निरोप?" मी म्हटलं.

"अडवला. खोटं आहे ते. पण जिजी, अडवून काय होणार? तो उद्या येणारच. चार ठिकाणी तोंडी सांगितलं असेल. फळ्यावर काही नसेल तर तो म्हणेल ते खरं. कोणी आधीच्या लग्नाचं काढलंच तर म्हणेल, बायको नांदली नाही, पळून गेली, सगळं मिटलं. बाहेरगावचा मुलीचा बाप विचारेल, खरं काय? तेव्हा सांगणार कोण?"

"ही सांगेल."

"हिचंच भांडण, हीच साक्षीदार? नाही चालणार. नावानिशी लिहून देणारं दुसरं कोणीतरी पाहिजे. ज्याला आतलं माहीत आहे." मग तो म्हणाला, "लग्न जमवलं कोणी होतं?"

विचारायची गरज नव्हती. अख्ख्या पांडेसऱ्याला माहीत होतं. उज्ज्वलाने खिडकीतून तोंड वळवलं नाही. तिने मागितलं असतं तर मला भांडता आलं असतं. तिने काहीच मागितलं नाही.

दीड वाजला असेल. शेठच्या शिपायाने पाणी आणून ठेवलं.

मी म्हटलं, "कागद द्या. रेघांचा द्या, माझ्या ओळी चढतात."

मी लिहायला बसले. सत्तरीला आलेली बाई, सही सोडून शेवटचं काय लिहिलं होतं तेही आठवत नव्हतं. पहिली ओळ झाली आणि मी थांबले.

"उज्ज्वला, करंगळीचं लिहू?"

बाहेर ड्रायरची घरघर चालली होती.

"लिही," ती म्हणाली. "पण बिचारी वगैरे लिहू नकोस."

लिहिलं ते असं:

"मी सुंदराबाई, रामदासची आई. उज्ज्वलाचं लग्न मी जमवलं. मुलगा चांगला आहे असं मी सांगितलं. ते चुकलं. चौदा महिन्यांनी ती परत आली तेव्हा तिची करंगळी मोडलेली होती. ती नवऱ्याने मोडली. हे मला त्या दिवसापासून माहीत आहे. मी बोलले नाही, कारण मग माझी पारख खोटी ठरली असती. लोकांनी उज्ज्वलाला नावं ठेवली ती मी ऐकून घेतली. फारकत झालेली नाही. मुलगी देणाऱ्याने मला येऊन विचारावं. त्याचं वाटोळं होवो."

निंबाने कागद टेबलावर सपाट केला आणि ताका बघावा तसा वरपासून खालपर्यंत बघितला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे वाटोळं काढा."

"का? मनापासून लिहिलंय."

"डाग आहे. एवढ्यावरून तो सगळा कागद खोटा पाडेल."

मी ती ओळ खोडली. त्याने पुन्हा सगळं उतरवायला लावलं. खाडाखोड चालत नाही म्हणे. दुसऱ्यांदा ओळी जास्तच चढल्या. मग उज्ज्वलाने इंटरनेट लावायला घेतलं, तर लाईन लागेना. कॉम्प्युटर किंचाळायचा, घोगरा व्हायचा आणि गप्प बसायचा. तीन वाजले. सव्वातीन. शेठ म्हणाला, "रहेवा दो, सोमवारे करजो." निंबा त्याला म्हणाला, "शेठ, सोमवारपर्यंत कोणाची तरी पोरगी जाईल." शेठने स्वतः उठून फोनची वायर काढली, पुसली आणि पुन्हा लावली. साडेतीनला लाईन लागली. माझा कागद निंबानेच दोन बोटांनी इंग्रजी अक्षरांत टाइप करून पानावर सोडला. उज्ज्वलाला त्याने हात लावू दिला नाही. तीही दूर उभी राहिली.

हॉलवर जाऊन रामदासच्या हाती मी माझ्या अक्षरातला कागद दिला. त्याने वाचला. पुन्हा वाचला.

"आई, हे लावायचं?"

"चार वाजत आले."

"मंडळात माझं काय राहील?"

"खाली नाव तुझं आहे का? माझं आहे. लाव."

त्याने लावला. एक कोपरा वाकडा चिकटला. मी तो सरळ करायला लावला नाही.

त्या रात्री मला झोप लागली की नाही ते सोडा. सकाळी नऊपासून हॉलसमोर माणसं जमली. वाचायची, माझ्याकडे बघायची आणि चपलांकडे बघायची. प्रमिलाबाई आल्या, त्यांनी ओळीवर बोट फिरवत वाचलं आणि माझ्यापासून दोन हातांवर भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तिथून हलल्या नाहीत.

दहाला पाच कमी असताना बारडोलीहून एक गृहस्थ आले. तिथल्या साखर कारखान्यात कामाला. खिशात मुलीचा फोटो, पाकिटात घातलेला. त्यांना निरोप तोंडी पोचला होता. मुलाच्या आईनेच फोन केला होता. निंबा म्हणाला होता तसंच झालं. ते फळ्यापाशी थांबले. वाचून झालं तरी तिथेच उभे.

आणि तो आला. क्रीम रंगाचा सफारी, आईला हात धरून रिक्षातून उतरवलं. एका पोराच्या डोक्यावर टपली मारली. अगदी तसाच. मग लोक बाजूला होत गेले तसा फळा त्याच्यासमोर आला.

त्याने वाचलं. तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही, जरा वेळ तिथेच अडकून राहिलं.

"फुई," तो माझ्याकडे बघून म्हणाला, "हे बरं नाही केलं तुम्ही."

"बरं तर मी चार वर्षांपूर्वीच केलं नाही."

"कोणी शिकवलं तुम्हाला हे? हिने?" त्याने उज्ज्वलाकडे बोट केलं. ती हॉलच्या दारात पाण्याचा जग घेऊन उभी होती, रविवारी पाणी देण्याची पाळी तिची होती. "फाडून टाकतो मी हे."

निंबा त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. "फाड. पानावर चढलंय ते. मस्कतला वाचून झालं असेल. तिथून फाडायला विमान लागेल."

कोणीतरी मागे हसलं. तेवढ्याने त्याचा आवाज चढला. "बोट दारात सापडलं होतं तिचं! विचारा तिला! सगळ्यांसमोर विचारा!"

सगळे उज्ज्वलाकडे बघायला लागले. मला वाटलं, आता ती बोलेल, नाहीतर आत पळेल.

तिने पेला भरला, बारडोलीच्या गृहस्थांपुढे धरला. चार बोटांत पेला आणि ती करंगळी बाजूला, ताठ.

"घ्या काका. उन्हातून आलात."

त्यांनी बोटाकडे बघितलं. मग सफारीवाल्याकडे. पाणी सगळं प्यायले, पेला परत दिला आणि खिशावर हात ठेवून माझ्याजवळ आले.

"जिजी, लिहिणाऱ्या तुम्हीच?"

"मीच."

"माझ्या स्वातीला एकविसावं लागलंय," एवढंच म्हणाले. ते तसेच बारडोलीच्या बसकडे वळले. फोटो पाकिटातून निघालाच नाही.

सफारीवाल्याची आई रिक्षात आधी जाऊन बसली. तोही गेला. फळ्यावरचा कागद कोणी फाडला नाही. पुढच्या शनिवारपर्यंत वाकड्या कोपऱ्यासकट तसाच होता. फारकतीचा कागद त्यांनी स्वतःहून पाच महिन्यांनी पाठवला. घाई त्यांना होती, उज्ज्वलाला नव्हती.

रविवारी संध्याकाळी विकासचा फोन आला. तिकडे सकाळ.

"आजी, ठरलं. निंबाकाका आणि उज्ज्वलाआत्या. निंबाकाकांना सांग, मेलेल्यांचे निरोप त्याच दिवशी सोडायचे."

"आणि तिसरं कोण? तीन पाहिजेत म्हणाला होतास. मी म्हणते, इंग्रजी अक्षरं वाचून दाखवायला कोणी बसवलं तर निवाडा मला..."

"आजी, तुझं नाव मी काल फोनवर विचारलं होतं उज्ज्वलाआत्याला."

"मग?"

तिकडे तो हसला. "तिने वहीतलं वाचून दाखवलं. तुलाही वाचून दाखव म्हणून मी तिला सांगितलंय."

उज्ज्वला माझ्यासमोरच भाकरी थापत होती. मी म्हटलं, आण ती वही. तिने पिठाच्या हाताने आणून दिली. शनिवारच्या तारखेखाली, अडवलेल्या निरोपाच्या आधी, तिने लिहिलं होतं:

"दुपारी बारा वाजता फुईने निरोप पुसून टाकायला सांगितलं. पुसला नाही. फुईला राखणीला घेऊ नये. मन चांगलं आहे, पण हात आपल्या माणसांकडे वळतो."

"अग, हे तुला मस्कतला वाचायला द्यायचं होतं का?" मी म्हटलं.

"वही आहे ती, पान नाही," उज्ज्वला म्हणाली. "आणि खोटं लिहिलंय का?"

"नाही ग."

"मग तवा तापलाय, उलट ती भाकरी."

मी उलटली.